हळदीच्या पानातील बिऱ्हाड

श्रावण लागला की कोकणात आणि गोव्यात हळदीच्या पानांना मागणी येते. नागपंचमीच्या पातोळ्या या पानांत वळतात आणि गणपतीचे मोदक उकडतानाही पुष्कळ घरी खाली हळदीचे पान घालतात. पाने काढून आणण्याचे काम बहुधा मुलांकडे येते. तुमच्याकडे ते आले, तर घाईने पाने ओरबाडू नका. वाफा जरा निरखून पाहा. एखाद्या पानाची कड आत दुमडलेली दिसेल, एखादे सबंध पान सुरळीसारखे गुंडाळलेले दिसेल. आजी म्हणेल, "ते राहू दे, किडके आहे." पातोळीपुरते आजीचे म्हणणे बरोबर आहे. पण तुम्हाला शास्त्र शिकायचे असेल, तर साऱ्या वाफ्यात घेण्यासारखे पान तेवढे एकच आहे!

सुरळी हळूच उलगडा. उलगडताना पानाच्या दोन कडांमध्ये ताणलेले पांढरे रेशमी धागे टचटच तुटतील. आत एक अळी असेल. पूर्ण वाढलेली अळी साधारण चार ते पाच से.मी. लांब असते. अंग फिकट हिरवे आणि इतके नितळ, की पाठीच्या मधोमध एक गडद रेघ हलताना दिसते. ते तिचे हृदय. कीटकांचे हृदय म्हणजे पाठीलगतची एक लांब नळी. भिंग आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ घेऊन बसलात तर त्याचे ठोके मोजता येतील. डोके काळे व मोठे, आणि त्यामागे मान एकदम बारीक. ही बारीक मान आणि मोठे डोके तिच्या कुळाची खूण आहे.

आता आणखी एक गोष्ट पाहा. या अळीच्या अंगावर खाज आणणारे केस नाहीत, काटे नाहीत, 'मी विषारी आहे' असे बजावणारे भडक रंगही नाहीत. चिमणीने, सरड्याने, गांधीलमाशीने, कोणीही यावे आणि फन्ना उडवावा असा हा प्राणी आहे. तिच्या बचावाचे मुख्य साधन म्हणजे हे पानाचे घर. ते कसे बांधायचे आणि बांधल्यावर त्याचा पत्ता शत्रूला कसा लागू द्यायचा नाही, या दोन प्रश्नांची तिने काढलेली उत्तरे अशी आहेत, की भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यालाही हळदीच्या वाफ्यात रेंगाळावेसे वाटते.

प्रथम तिची ओळख. ही एका फुलपाखराची अळी. इंग्रजीत त्याला 'ग्रास डेमन' म्हणतात आणि शास्त्रीय नाव आहे 'उडास्पीस फोलस'. डच कीटकशास्त्रज्ञ पीटर क्रामर याने १७७५ साली त्याचे वर्णन केले. ग्रास डेमन म्हणजे गवतातला राक्षस. नाव देणाऱ्याने कशावरून दिले असेल ते असो, पण हा राक्षस गवत खात नाही! त्याची अळी हळद, आले, सोनटक्का आणि पावसाळ्यात डोंगरउतारांवर उगवणारी रानहळद, म्हणजे चवर, यांच्या पानांवर जगते. ही सारी एकाच कुळातली झाडे. पाने चुरगळून वास घेतलात तर त्यांचे नाते नाकालाही कळते.

ज्या फुलपाखरांच्या कुळात हा राक्षस मोडतो त्याला 'हेस्पेरिडी' म्हणतात. जगात या कुळाच्या साडेतीन हजारांहून अधिक जाती आहेत. त्यांना इंग्रजीत 'स्किपर' म्हणजे टुणटुण उड्या मारणारे असे नाव पडले, कारण ही फुलपाखरे तरंगत उडत नाहीत. झटक्यासरशी इकडून तिकडे जातात. फुलपाखरू म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मोठे रंगीत पंख आणि बारीक अंग येते. स्किपरचे उलटे असते. अंग जाडजूड, पंख त्या मानाने आखूड. पतंगांसारखी दिसत असल्यामुळे पुष्कळ जण त्यांच्याकडे ढुंकून पाहत नाहीत.

ढुंकून पाहणारेही होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जेम्स डेव्हिडसन, टी. आर. बेल आणि ई. एच. एटकिन या तीन सरकारी अधिकाऱ्यांनी कारवारच्या परिसरात नोकरी सांभाळून अळ्या पाळल्या. कोणती अळी कोणत्या झाडावर, कोश कसा, किती दिवसांचा, याच्या त्यांनी बारकाईने नोंदी केल्या. कारवार तेव्हा मुंबई इलाख्यात होते. त्यांतला एटकिन तर जन्माने सातारचा, आणि १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. आपल्याकडच्या फुलपाखरांच्या बालपणाविषयी जे आपण पुस्तकांत वाचतो, त्यातला मोठा भाग या तिघांच्या बरण्यांतून आलेला आहे. बेलसाहेब तर निवृत्तीनंतरही कारवारलाच राहिले आणि १९४८ साली तेथेच वारले.

पावसाळ्यात मादी हळदीच्या पानावर एकेक सुटे अंडे घालते. घुमटाच्या आकाराचे, लालसर, सुमारे दीड मि.मी. रुंद असे हे अंडे हिरव्या पानावर शोधायला अवघड नाही. चार-पाच दिवसांत त्यातून इवलीशी अळी निघते, आणि निघाल्यावर थोड्याच वेळात घरबांधणीला लागते. जेवण नंतर!

एवढ्याशा जिवाला सबंध पान कसे वळवता येणार? ती पानाच्या कडेला कुरतडून एक छोटी पट्टी मोकळी करते आणि ती पट्टी आपल्यावर दुमडून घेते. दाराचे झाकण व्हावे तशी. अळी वाढते तसे घर अपुरे पडते. मग ती ते सोडून मोठे घर बांधते, आणि शेवटी शेवटी पानाचा मोठा भाग गुंडाळून आत बसते.

हळदीचे पान हातात घेऊन वळवून पाहा. ते बऱ्यापैकी ताठ असते, सोडले की पुन्हा सरळ होते. आपल्या बोटांना जे काम करावे लागते ते एक-दीड ग्रॅमचा मऊ प्राणी कसे करतो? त्याला पान ओढून धरता येत नाही, कारण ओढायला हात नाहीत आणि पाय रोवायला जागा तीच. येथे रेशीम कामाला येते. अळीच्या खालच्या ओठाजवळ एक बारीक नळी असते, तिच्यातून रेशमाचा द्रव बाहेर येतो आणि ओढला जाताना त्याचा धागा बनतो. अळी डोके एका बाजूला नेऊन धागा पानाच्या एका कडेला चिकटवते, मग डोके दुसऱ्या बाजूला नेते आणि तो दुसऱ्या कडेला चिकटवते. पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. एखादा विणकर धोटा फेकत असावा तसे तिचे डोके हलत राहते.

पाने गुंडाळणाऱ्या काही अळ्यांवर झालेल्या प्रयोगांतून असे दिसून आले, की चिकटवताना धागा थोडा ताणला जातो आणि ताणलेला धागा आखडू पाहतो. एका धाग्याचा ओढा अगदी क्षुल्लक. पण शेजारी शेजारी शंभर धागे असले तर शंभर ओढ्यांची बेरीज होते. समांतर बले एकाच दिशेने लागली तर त्यांची बेरीज करायची, हे तुम्ही शाळेत शिकला आहातच. या बेरजेने पानाच्या कडा केसभर जवळ येतात. कडा जवळ आल्या की जुने धागे सैल पडतात. पण तोवर अळीने नवे, अधिक आखूड धागे लावायला घेतलेले असतात. ते कडा आणखी केसभर जवळ आणतात. असे पायरीपायरीने पान वळत जाते. अळीला एका क्षणी फार मोठे बल कधीच लावावे लागत नाही.

हे तुम्हाला घरी करून पाहता येईल. एक जाडसर कार्ड घ्या. दोन्ही कडांना समोरासमोर खाचा पाडा आणि एक रबरबँड ताणून दोन खाचांत अडकवा. कार्ड किंचित वाकेल. दुसरा रबरबँड लावा, तिसरा लावा. वाकलेल्या कार्डावर आता पहिल्यापेक्षा लहान रबरबँडही पुरतो. पाच-सहा रबरबँडांत कार्डाची पन्हाळी होते.

घर तयार झाले. आता त्यात राहायचे कसे?

या घराला मोरी नाही. अळीचे तर सारे आयुष्य खाण्यात जाते, आणि जो इतका खातो त्याला तितकेच टाकावेही लागते. एरवी झाडावर उघड्यावर राहणाऱ्या अळीची लेंडी आपोआप खाली पडते. बंद सुरळीत ती आतच साचली असती. पण स्किपरच्या अळीची सुरळी उघडून पाहाल तर ती सहसा स्वच्छ असते. मग लेंड्या जातात कोठे? त्या बाहेर फेकल्या जातात. 'फेकल्या' हा शब्द मी शब्दशः वापरतो आहे. अळी सुरळीच्या तोंडाशी मागचे टोक आणते, आणि बंदुकीतून गोळी सुटावी तशी लेंडी उडवते!

यामागची यंत्रणा स्टॅन्ली कॅव्हनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडात शोधून काढली आणि १९९८ साली प्रसिद्ध केली. त्यांची अळी अमेरिकेतल्या एका स्किपरची होती. ती कर्दळीच्या पानांची सुरळी करून राहते, आणि कर्दळ म्हणजे हळदीच्याच गणातली. ही यंत्रणा समजण्यासाठी अळीचे अंग कसे चालते ते आधी समजून घेतले पाहिजे.

अळीला हाड नाही. तिचे अंग म्हणजे कातडीची एक लांबट पिशवी, आणि ती रक्ताने भरलेली. आपल्यासारखे ते रक्त नळ्यानळ्यांतून वाहत नाही, सर्व इंद्रिये त्यात बुडालेली असतात. पिशवीच्या भिंतीत स्नायू असतात. एका जागी स्नायूंनी पिशवी आवळली की आतला दाब वाढतो, आणि द्रव दाबला जात नसल्याने दुसरी जागा फुगते. पाणी भरलेल्या फुग्याला एका बाजूने दाबून पाहा. पास्कलचा नियम तुम्हाला आठवला असेल. मोटारींच्या दुकानात तेलाच्या दाबावर गाडी उचलणारा जॅक पाहिला असेल, तोच हा प्रकार. अळी सरपटते ती या दाबावर, कात टाकताना जुनी कातडी फाडते ती या दाबावर, आणि लेंडी उडवते तीही याच दाबावर.

अळीच्या मागच्या टोकाला वर एक कडक झाकणी असते आणि झाकणीच्या खाली दाते असलेला, कंगव्यासारखा एक अवयव असतो. लेंडी बाहेर येऊन त्याच्यावर टेकते. कंगव्याचे टोक खालच्या बाजूच्या फुगीर कडेत अडकवलेले असते. आता मागे रक्ताचा दाब वाढू लागतो. कंगवा सुटू पाहतो पण अडकलेला असतो. दाब एका मर्यादेपलीकडे गेला की अडकण सुटते, कंगवा झटक्यात उसळतो आणि लेंडी भिरकावली जाते. गलोलीचे रबर हळूहळू ताणायचे आणि एकदम सोडायचे, यात जे तत्त्व आहे तेच येथे आहे. ऊर्जा साठवायची सावकाश आणि खर्च करायची क्षणार्धात. कॅव्हनींच्या अळीची लेंडी सुटताना तिचा वेग सेकंदाला १.३ मीटरपेक्षा अधिक भरला.

हा वेग पुरेसा आहे का, ते पाहू या. समजा, सुरळी जमिनीपासून अर्धा मीटर उंच आहे आणि लेंडी आडव्या दिशेने सुटली. खाली पडायला लागणारा वेळ उंचीवरून काढता येतो. उंचीची दुप्पट म्हणजे १ मीटर, त्याला ९.८ ने भागून वर्गमूळ घेतले की ०.३२ सेकंद येतो. तेवढ्या वेळात १.३ मीटर वेगाने लेंडी सुमारे ४२ से.मी. पुढे जाईल. म्हणजे रोपाच्या बुंध्यापासून चांगली हातभर लांब. आणि अळीची लांबी केवढी? चार-पाच से.मी.!

यापेक्षाही पल्लेदार तोफ आहे. अमेरिकेत रुपेरी ठिपक्याचा एक स्किपर आढळतो. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठातील मार्था वाइस यांनी त्याच्या अळीच्या लेंडीचा पल्ला मोजला, तो अळीच्या लांबीच्या ३८ पटीपर्यंत भरला. चार से.मी.ची अळी आणि दीड मीटरचा पल्ला. सपाट जमिनीवर ४५ अंशांच्या कोनात फेक केली तर पल्ला हा वेगाचा वर्ग भागिले ९.८ एवढा येतो. त्यावरून दीड मीटर पल्ल्यासाठी निदान ३.८ मीटर दर सेकंदाचा वेग लागेल. हवेचा विरोध धरला तर त्याहून जास्त.

येथे बरेच लेखक लिहितात, की माणसाला हे जमले असते तर त्याने साठ मीटर फेक केली असती. वर्गात असे सांगितले की मुले टाळ्या वाजवतात. पण ही तुलना फसवी आहे. फेकीचा पल्ला सुटतानाच्या वेगावर अवलंबून असतो, फेकणाऱ्याच्या लांबीवर नाही. आणि एक ग्रॅम स्नायू एका आकुंचनात जेवढे काम करतो ते लहान प्राण्यात व मोठ्या प्राण्यात ढोबळमानाने सारखेच असते. त्यामुळे लहान प्राणी आणि मोठा प्राणी साधारण सारख्याच वेगापर्यंत पोहोचू शकतात. मग पल्ल्याला शरीराच्या लांबीने भागले की छोटा नेहमीच जिंकणार! पिसवाच्या उडीची जी वर्णने तुम्ही वाचता त्यांतही हीच गफलत असते. अळीचे कौतुक करायचे ते ३८ या आकड्यासाठी नव्हे. हाडे नसलेल्या, पिशवीसारख्या शरीरातून तिने गलोल तयार केली, कौतुक त्याचे करावे.

पण मुळात एवढा खटाटोप कशासाठी? लेंडी सुरळीच्या तोंडातून नुसती खाली ढकलली असती तरी चालले असते. घर स्वच्छ राहावे म्हणून, असे उत्तर चटकन सुचते. वाइस यांनी ते गृहीत धरले नाही. त्यांनी तीन शक्यता मांडल्या. एक, घाणीने रोगराई होत असेल. दुसरी, घरात जागा उरत नसेल. तिसरी, लेंड्यांच्या वासावरून शत्रू येत असतील. मग एकेक शक्यता तपासली. अळ्यांच्या घरांत मुद्दाम लेंड्या ठेवल्या, तरी त्या आजारी पडल्या नाहीत. जागा अडवून ठेवली, तरी वाढीत फरक पडला नाही. शेवटी काही घरांत लेंड्या आणि काही घरांत तशाच आकाराचे काळे काचमणी ठेवून गांधीलमाश्यांना सोडले. गांधीलमाश्या लेंड्या असलेल्या घरांवर तुटून पडल्या आणि काचमण्यांच्या घरांकडे त्यांनी फारसे लक्ष दिले नाही. २००३ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले.

म्हणजे लेंडी हा घराचा पत्ता आहे. वास दारात असेल तर पाहुणा दारात येणार. अर्ध्या-एक मीटरवर पडलेल्या लेंडीवर गांधीलमाशी घोटाळत राहिली तर अळी वाचते. शिक्षकांना माझी सूचना आहे, की गृहीतक कसे तपासावे, तुलनेसाठी काचमणी का लागतात, हे शिकवताना हा प्रयोग सांगावा. यापेक्षा सोपे आणि मुलांच्या आवडीचे उदाहरण मला ठाऊक नाही.

तरी सर्वच अळ्या वाचतात असे नाही. पानाच्या घराला न जुमानणारे शत्रूही असतात. मुंगीहून लहान परजीवी माश्या असतात. त्यांतल्या काही अळीच्या अंगात अंडी घालतात, काही तर फुलपाखराच्या अंड्यातच आपले अंडे घालतात. लालसर अंडे काळे पडलेले दिसले तर त्यातून बहुधा अळी निघणार नाही.

येथे शेतकऱ्याचा मुलगा विचारील, "हे सगळे ठीक, पण आमच्या हळदीचे काय?" प्रश्न रास्त आहे. सांगली, सातारा, हिंगोली, नांदेड या भागांत हळद हे हजारो घरांचे पीक आहे. मे-जूनमध्ये लावलेली हळद जानेवारीपासून पुढे काढतात. मधले सारे महिने पान हे रोपाचे स्वयंपाकघर आणि जमिनीतला कंद हे कोठार. पान गुंडाळले गेले की त्यावर ऊन कमी पडते, शिवाय अळी ते खाते. तेवढे अन्न कोठारात कमी जाते. म्हणून कृषिशास्त्राच्या पुस्तकांत आपली ही अळी 'पाने गुंडाळणारी अळी' या नावाने किडींच्या यादीत असते. परंतु हळदीचे मोठे वैरी म्हणजे खोडकिडा आणि कंदमाशी. निरोगी रोप थोड्या गुंडाळलेल्या पानांची उणीव सहज भरून काढते. अळ्या थोड्या असतील तर गुंडाळलेली पाने अळीसकट तोडून काढणे हा सर्वांत स्वस्त उपाय. सुरळ्या दुरूनच दिसत असल्याने तो सोपाही आहे. वरून फवारलेले औषध सुरळीत दडलेल्या अळीच्या अंगावर सहजी पडत नाही. उघड्यावर हिंडणाऱ्या गांधीलमाश्या आणि परजीवी माश्या मात्र त्याने आधी मरतात. चार सुरळ्या दिसल्या की पंप पाठीवर घ्यायचा, हे मला शहाणपणाचे वाटत नाही. प्रादुर्भाव खूपच वाढला तर कृषी अधिकाऱ्यांना विचारून फवारणी करावी, आणि ती गरजेपुरती.

दोन ते तीन आठवड्यांत अळी चार वेळा कात टाकून पूर्ण वाढते. मग ती शेवटच्या सुरळीची दारे रेशमाने बंद करते आणि आतच कोश होते. कोश फिकट हिरवा, लांबट, डोक्याकडे टोकदार असतो. त्याची एक गंमत पाहण्यासारखी आहे. पुढे फुलपाखराची जी सोंड होणार, तिची नळी पोटालगत सरळ खाली येते आणि पोटाच्या टोकाच्याही पलीकडे जाते. आत तयार होणारी सोंड शरीराहून लांब असल्याने ती कोशात मावत नाही!

साधारण आठवड्याने कोश उकलतो. बाहेर येणाऱ्या फुलपाखराचे पंख ओल्या फडक्यासारखे चुरगळलेले असतात. पुन्हा तोच दाब कामाला येतो. ते पंखांच्या शिरांत रक्त दाबते आणि पंख उलगडून सपाट होतात. वाळले की कडक. सोंड घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली असते. ती सरळ करतानाही रक्ताचा दाबच वापरला जातो. लांब सोंडेमुळे खोल नळीच्या फुलांतला मध त्याला मिळतो. या बाबतीत स्किपर कुळाचा हात धरणारे कोणी नाही. मध्य अमेरिकेतील एका स्किपरची सोंड पाच से.मी.हून लांब भरली आहे.

पंख पसरलेला आपला राक्षस चार ते पाच से.मी. रुंद असतो. पंख गडद तपकिरी, जवळजवळ काळे. पुढच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची मांडणी, आणि मागच्या प्रत्येक पंखाच्या मध्यभागी एक मोठा पांढरा डाग. पंख मिटून बसला तरी खालच्या बाजूने हा डाग दिसतो. याच्यासारखाच काळा-पांढरा एक भाऊबंद, 'रिस्ट्रिक्टेड डेमन', याच झाडांवर वाढतो. पण त्याच्या फक्त पुढच्या पंखावर पांढरा पट्टा असतो, मागचे पंख कोरे असतात. एवढे लक्षात ठेवले तर चूक होणार नाही. डोक्यावरच्या मिशाही पाहा. इतर फुलपाखरांच्या मिशांच्या टोकाला गाठ असते. स्किपरची गाठ पुढे निमुळती होऊन आकड्यासारखी वळते, आणि दोन मिशांच्या मुळांत बरेच अंतर असते.

छायाचित्र घेऊ पाहणाऱ्यांना मात्र हा प्राणी रडवतो. सावलीत, झुडपांच्या खालून तो वेगाने जातो. पांढरा डाग चमकतो आणि दिसेनासा होतो. आंद्रेई सुराकोव्ह यांनी २००९ साली अमेरिकेत स्किपर फुलपाखरांसमोर कॅमेऱ्याचा प्रकाशझोत टाकून पाहिले. झोत पडल्यापासून १७ मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे सेकंदाच्या सुमारे साठाव्या भागात, त्यांचे अंग हलले होते. दिवा लागलेला पाहून बटण दाबायला तुम्हाआम्हाला २०० मिलिसेकंद लागतात.

अळी पाळून पाहायची असेल तर अवघड नाही. हळदीचा एक कंद मे महिन्यात कुंडीत लावा, ऑगस्टपर्यंत फुलपाखरू बहुधा स्वतःच पत्ता शोधत येते. नाही आले तर वाफ्यातली सुरळी देठासकट आणा. देठ पाण्याच्या बाटलीत ठेवा आणि बाटलीच्या तोंडात कापूस गच्च बसवा, नाही तर अळी देठावरून खाली उतरून पाण्यात बुडते. बाटली एका मोठ्या पांढऱ्या कागदाच्या मध्यावर ठेवून कागदावर दहा-दहा से.मी. अंतराची वर्तुळे काढा. रात्री निजताना कागद झटकून टाका आणि सकाळी कोणत्या वर्तुळात किती लेंड्या पडल्या ते वहीत लिहा. सुरळीची उंचीही लिहा, म्हणजे वर दिलेल्या रीतीने तुमच्या अळीच्या लेंडीचा वेग काढता येईल. अळी कात टाकते तसा हा वेग बदलतो का, ते नोंदीवरून पडताळा. कात टाकण्याच्या दिवशी कागद जवळजवळ कोरा राहील, तेव्हा अळी मेली असे समजून ती फेकून देऊ नका.

कोश झाला की पानाला हात लावू नका. फक्त वर जाळी घाला. फुलपाखरू बाहेर पडल्यावर अंगातला साठलेला मळ थेंबाथेंबाने टाकते, त्याने कागदावर डाग पडतील. ते रक्त नव्हे. पंख ताठ होईपर्यंत तास-दोन तास थांबा, आणि जाळी हळदीच्या वाफ्याजवळ नेऊन उघडा.